अंदाजे सर आणि एक्केचाळीस मुलं

शाळेत सगळे त्यांना अंदाजे सर म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मी चौथीची बाई, ते तिसरीचे सर. वर्गाला वर्ग लागून, त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकू यायचा. आणि मला तो आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. गणिताच्या तासाला मुलं इतकी हसतात कशाला, असा माझा राग होता. माझ्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्याचा मला कोण अभिमान.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. फळ्यावर दोन आकडे लिहायचे, समजा ३९८ आणि २०५. तीन म्हणेपर्यंत थांबायचं आणि फडक्याने पुसून टाकायचं. मग विचारायचं, "किती होतील साधारण?" पेन्सिल हातात धरायला बंदी. कारण मुलं लबाड असतात. पेन्सिल मिळाली की ती कोपऱ्यात हातचा घेऊन खरी बेरीज करतात, सहाशे तीन काढतात, ते बोटाने झाकतात आणि शेजारी सहाशे लिहून 'हा माझा अंदाज' म्हणून साळसूदपणे वही पुढे करतात. सर याला चोरून गणित करणं म्हणायचे. बाकीची मुलं लपूनछपून खोड्या करतात, ही तेवढी लपूनछपून बरोबर उत्तर काढतात, असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्यांनी तपासलेल्या वहीत चूक हा शब्द सापडायचा नाही. 'जवळ', 'जरा लांब' आणि 'फार लांब' हे त्यांचे तीन शेरे. एकदा एका मुलाची आई तणतणत आली. "आठवड्यात चार वेळा 'फार लांब' लिहिलंय. माझा मुलगा जातो तरी कुठे?" शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो. सर मात्र त्या बाईंना पंधरा मिनिटं समजावत बसले. चुकीला घाबरलेलं मूल अंदाज करत नाही, गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय येत नाही हे मला कसं कळणार, असं ते सांगत होते. ती बाई पटल्यासारखं करून गेली.

पण अंदाजावर ते थांबायचे नाहीत, हेही सांगायला हवं. अंदाज आधी, मोजणं मागून, पण मोजायचं म्हणजे मोजायचंच, असा त्यांचा नेम होता. फाटकापासून नळापर्यंत पावलं किती, धड्याच्या एका पानावर शब्द किती, वर्गातल्या सगळ्यांच्या सदऱ्यांना मिळून बटणं किती. त्या बटणांच्या दिवशी वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी उठून म्हणाली, "दोनशे चाळीस. पण तुटलेली वजा करायची." मोजली तर दोनशे सदतीस भरली. त्या दिवसापासून तिचं नाव बटण पडलं. सरांच्या घरी वहिनी शिवणकाम करायच्या. ही गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या म्हणे, "त्या पोरीला माझ्याकडे पाठवा. तुमच्या अंदाजाने कापड कापलं, तर एक बाही शेजाऱ्याला होईल."

असा माणूस. नाकासमोर चालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या वर्षी त्यांनी मुलांना पाणी शुद्ध करतात ते ठिकाण दाखवायला न्यायचं ठरवलं. लाख लिटर म्हणजे किती, हे पुस्तकात दिसत नाही, टाकीशी उभं राहिल्यावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरी शिक्षक म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला सोबत धाडलं. मी कपाळाला आठ्या घालून गेले.

आमच्या शाळेत सहलीची एक जुनी रीत आहे. तिला आम्ही 'डोकी आणि नावं' म्हणतो. बसमध्ये एकाने डोकी मोजायची, दुसऱ्याने यादी घेऊन नावं पुकारायची. एकमेकांना आकडा सांगायचा नाही. आपापल्या तळहातावर पेनाने लिहायचा, मग दोघांनी हात समोरासमोर धरायचे. आकडे जुळले तर बस सोडायची. सकाळी निघताना माझ्या हातावर ४१, त्यांच्या हातावर ४१.

परतताना मला फोन आला. मी तेव्हा सहा वर्षं हंगामी बाई होते. दर वर्षी नवीन आदेश, दर वर्षी धाकधूक. फोन शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाचा होता. कायम करायच्या यादीत माझं नाव चढत होतं आणि एका प्रमाणपत्राचा क्रमांक त्याला तेव्हाच्या तेव्हा हवा होता. पुन्हा फोन करते म्हटलं असतं, तर त्याने यादी पुढे सरकवली असती. मी पाठमोरी होऊन पिशवीत कागद शोधत होते, मुलं बसमध्ये चढत होती, गलका चालला होता. फोन ठेवला तेव्हा सर दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "नावं झाली?" मी फक्त हात पुढे केला. हातावर ४१ होतं. सकाळचं.

त्यांनी ते पाहिलं. बाकांवरून नजर फिरवली. बाकं भरलेली दिसत होती, मुलांनी दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या पसरून ठेवल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हातावरही सकाळचं ४१ तसंच राहू दिलं आणि चालकाला हात केला.

शाळेच्या फाटकाशी पालक उभे होते. एकेक मूल उतरून आपापल्या माणसाबरोबर गेलं. शेवटी एक आजोबा उरले. ते बसच्या पायरीपाशी आले आणि आत डोकावून म्हणाले, "आमची कुठाय?"

बटण नव्हती. तिथला फोन कोणी उचलेना. सर तीच बस घेऊन उलटे गेले. मी आणि आजोबा फाटकाशी बसून राहिलो. मला काही वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. मी नळावर गेले आणि हात साबणाने दोनदा धुतला. तेवढं मात्र मला सुचलं.

पावणेदोन तासांनी बस आली. बटण सरांच्या कडेवर होती, हातात बिस्किटाचा पुडा. पंपावर काम करणाऱ्या माणसाने तिला सांभाळलं होतं. पोरीला ओरखडासुद्धा उमटला नव्हता. आजोबांनी तिला उतरवून घेतलं, दप्तर खांद्याला लावलं आणि निघाले. सर पायरीवर उभेच होते. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

चौकशी लागली. शिक्षण कार्यालयातून एक साहेब आले, मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसले. आम्हा दोघांना वेगवेगळे कागद दिले. सरांनी लिहिलं, "परतताना मी डोकी मोजली नाहीत. बाकं भरलेली दिसली, त्यावरून अंदाज केला." दोन ओळी आणि सही. मी लिहिलं, "परतताना यादीप्रमाणे नावं घेतली. एक्केचाळीस हजर होती." म्हणजे नावं घेतल्यावर मुलगी खाली उतरली आणि ते सरांच्या लक्षात आलं नाही, असा त्याचा अर्थ झाला. माझं नाव तेव्हा यादीत होतं, सही व्हायची होती. उगाच गुळमुळीत कशाला सांगू? मी खोटं लिहिलं आणि लिहिताना हात जरासुद्धा हलला नाही.

साहेबांनी दोन्ही कागद मोठ्याने वाचले. सर शेजारीच उभे होते. माझा कागद वाचून होईपर्यंत ते जमिनीकडे बघत होते. साहेब म्हणाले, "तुम्हालाच अंदाजे सर म्हणतात ना? नावाला जागलात." सर म्हणाले, "हो." बस. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेही नव्हतं. कोरडा ठणठणाट.

अंतिम आदेश येईपर्यंत सरांना वर्गातून काढून भांडारात बसवलं. भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. जुनी बाकं, मोडके नकाशे, वाटायची पुस्तकं. आदेश दोन प्रकारचा निघू शकत होता. ताकीद देऊन वर्ग परत, नाहीतर 'वर्गाच्या कामास अयोग्य' असा शेरा मारून कायमचं कार्यालयात. अठ्ठावीस वर्षं तिसरीला शिकवलेला माणूस. मोठ्या बाई म्हणायच्या, नावं घेतली होती असं तुम्ही लिहिल्यामुळे त्यांची बाजू फारच लंगडी पडली हो. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

दिवस जात होते. मी जेवत होते, झोपत होते, माझ्या आईला फोन करत होते. कायम झाल्याचा आदेश आला. आई फोनवर रडली, मी हूं हूं करत राहिले. वहिनी एकदा बाजारात दिसल्या. "यांना काय झालंय कळत नाही हो, घरात वाटीभर तांदूळ काढला तरी मोजायला बसतात," म्हणाल्या. मी म्हटलं, "होईल सगळं ठीक." उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिसरीचं गणित माझ्याकडे आलं. सगळे धडे शिकवले, अंदाजाचा धडा तेवढा मागे ठेवला. पण वर्ष संपत आलं आणि तो टाळता येईना. मी पुस्तकातला नियम फळ्यावर लिहिला. एककाच्या जागी पाच किंवा जास्त असेल तर पुढची दशक संख्या, कमी असेल तर मागची. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतला. मी आकडे घातले. एक्केचाळीस माना खाली गेल्या, पेन्सिली चालू झाल्या. सगळ्यांनी चोरून गणित केलं. मला ते दिसत होतं. आधी खरी बेरीज, मग बोट, मग शेजारी गोल आकडा. कोणी हसलं नाही. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

एकट्या बटणने काहीच लिहिलं नव्हतं. वही कोरी. तास सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"का गं, येत नाही का?"

"येतं."

"मग?"

तिने खोडरबर मुठीत धरला होता. म्हणाली, "अंदाज केला की वर्गातून काढतात. सरांना काढलं."

मी म्हटलं, "सरांना तू हरवलीस म्हणून काढलं." मुलीशी असं बोलायचं नसतं, हे मला कळत होतं, पण तोंडातून गेलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी कुठे हरवले? मी तुम्हाला सांगून गेले होते, बाई. लघवीला जाऊन येते म्हटलं, तर तुम्ही जा म्हणालात."

मला आठवलं. मला त्या क्षणी ते लख्ख आठवलं. माझी बाही कोणीतरी ओढली होती आणि कानाला फोन धरून, मागे न बघता, मी हाताने जा जा केलं होतं. मला वाटलं होतं, बसमध्ये जायला विचारतंय कोणी पोर.

"हे तू कोणाला सांगितलंस?"

"सरांना. त्याच दिवशी, बसमध्ये. सर म्हणाले, बाई फोनवर होत्या, त्यांना ऐकू नसेल गेलं. कोणाला सांगू नकोस." मग तिने विचारलं, "आता सांगितलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल. जा, आजोबा थांबले असतील."

म्हणजे साहेब माझा कागद वाचत होते, तेव्हा सरांना सगळं ठाऊक होतं. वर्गात मी बाकावर बसून राहिले, मुलांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते एवढंच.

तिथेच बसून मी लिहिलं. नावं घेतली नव्हती. हातावरचा आकडा सकाळचा होता. मुलगी मला विचारून गेली होती. पहिला जबाब खोटा आहे. खाली सही केली आणि तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून ठेवला. "कायम होऊन किती दिवस झाले तुम्हाला?"

"एकोणीस."

"हे पाठवलं तर ते कायमपण जाऊ शकतं. कळतंय ना?"

"कळतंय."

"त्यांचा आदेश उद्या निघतोय. अयोग्य म्हणूनच निघतोय, मला आज फोन आला होता." त्यांनी कागदाची घडी घातली. "हा आत्ता गेला तर थांबेल. मी स्वतः घेऊन जाते. एवढे दिवस काय करत होतात, ते मी विचारत नाही. तुम्ही जाऊन त्यांना सांगा. माझ्याकडून नको कळायला."

मी जिन्याखाली गेले. दार उघडं होतं. सर जमिनीवर बसून पुढच्या वर्षीची पुस्तकं मोजत होते. दहा-दहाचे गठ्ठे केलेले, तरी गठ्ठ्यातलं एकेक पुस्तक बोटाने उचलून मोजत होते. ओठ हलत होते. मी आकडा पुरा होईपर्यंत थांबले.

"सर, मी लिहून दिलंय. नावं घेतली नव्हती म्हणून. मोठ्या बाई कागद घेऊन कार्यालयात निघाल्यात."

"बरं," ते म्हणाले.

"बटणने सांगितलं मला. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. का नाही बोललात?"

"तुम्ही नावं घेतली असती, तरी मला मोजायला हवंच होतं. रीत दोघांची आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "आणि तुम्ही सहा वर्षं थांबला होतात."

मला वाटलं होतं, ते रागावतील, नाहीतर मोठेपणाने माफ तरी करतील. मी दोन्हीची तयारी करून आले होते. म्हटलं, "तुमचा वर्ग परत मिळेल सर. मुलं वाट बघतायत. मी अंदाजाचा धडा घेतला, पार माती केली. सगळी चोरून गणित करतात. तुम्ही आलात की पुन्हा—"

"वर्ग दिला तर घेईन. पाढे घेईन, बेरजा घेईन. तो धडा तुम्ही घ्या."

"मला येत नाही तो. तुम्हीच म्हणता ना, चुकलं तरी चालतं म्हणून?"

त्यांनी हातातलं पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं आणि कडा सारख्या केल्या.

"तिथे आठ टाक्या आहेत," ते म्हणाले. "तुम्ही पाहिल्यात. वर उघड्या, कठडा कमरेएवढा. मी पोचलो तेव्हा पंपावर कोणी दिसेना. मी हाका मारल्या. मग पहिल्या टाकीत वाकून पाहिलं, दुसऱ्या टाकीत पाहिलं. पाणी हिरवं असतं, तळ दिसत नाही. प्रत्येक टाकीपाशी मी थोडा थांबायचो. सहाव्या टाकीपर्यंत माझा अंदाज झाला होता, बाई."

मी समोरच्या गठ्ठ्यापाशी खाली बसले.

"सातवीत मी पाहिलंच नाही. कठड्याला पाठ लावून खाली बसलो, बाजूच्या चरात पाय सोडून, तिथे टाक्यांतून गळलेलं पाणी साचलेलं असतं. आता तिच्या आजोबांना काय सांगायचं, ती वाक्यं जुळवत होतो. दोन वाक्यं झालीही होती. तो पंपवाला तिचा हात धरून मागच्या फाटकाशी बसची वाट बघत उभा होता. दोन टाक्या पुढे गेलो असतो, तर दिसले असते. मी गेलो नाही. माझी मोजणी तिथेच संपली होती." ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. "नंतर ती मागून आली आणि म्हणाली, सर, तुम्ही भिजलात. तेव्हापासून ती समोर आली तरी मला ती दोन वाक्यं आठवतात. पोर जिवंत आहे, धडधाकट आहे, हे मला कळतं. वाटत नाही."

बाहेर शिपाई बाकं ओढत होता, त्याचा आवाज येत होता. मला माफी मागायची होती. तेवढ्यासाठीच तर मी आले होते. पण माझा कागद वर्गाबद्दल होता, आणि वर्ग त्यांना मिळणार होता. याच्यासाठी माझ्याकडे कुठलाच कागद नव्हता.

"जा तुम्ही," ते म्हणाले, "उशीर होईल." आणि पुढचा गठ्ठा ओढून त्यांनी वरचं पुस्तक उचललं.